गाव, तारीख आणि 29,903 अक्षरं: एका झाडाच्या प्रकल्प नोंदी

9 जून 2024, रविवार

पदविकेचा प्रकल्प अखेर ठरला. कोरोना विषाणूच्या बी.1.617 या घराण्याचं झाड, म्हणजे वंशवृक्ष, बांधायचं, ऑक्टोबर 2020 ते जुलै 2021 एवढ्या काळातलं. यातला 617.2 म्हणजे पुढे ज्याला डेल्टा म्हणाले तो. भारतातून तो बाहेर कधी गेला, कितीदा गेला, हे सिक्वेन्सवरून, म्हणजे नमुन्यातल्या विषाणूच्या जनुकीय अक्षरांच्या क्रमावरून, पाहायचं.

सरांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "यात नवीन काय? हे सगळं मोठमोठ्या लोकांनी करून, छापून झालंय." खरंय. इंग्लंडमध्ये डेल्टा कसा शिरला यावर 2022मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात इंग्लंडचे 52,992 आणि बाकी जगातले 93,649 जीनोम (विषाणूची सगळी अक्षरं, पहिल्यापासून शेवटपर्यंत) होते. माझ्याकडे सोळा जीबीचा लॅपटॉप आहे आणि त्याचा पंखा मिक्सरसारखा वाजतो.

मी म्हटलं, सिक्वेन्सबरोबर जी तारीख आणि जे ठिकाण लिहून येतं, ते चुकलं किंवा राहिलं तर झाड किती बदलतं ते बघते. सर जरा थांबले. "हा प्रश्न बरा आहे. कुठून सुचला?"

सांगितलं नाही. 2021च्या सुरुवातीला वऱ्हाडातल्या एका लॅबमध्ये नमुन्यांच्या नळ्या बांधून पुण्याला पाठवणाऱ्यांत मी होते. एक्सेलची यादीही मीच भरायचे.

12 जून

सिक्वेन्सचे साठे दोन. जेनबँक सगळ्यांना खुली. जिसएडवर नाव नोंदवून अटी मान्य कराव्या लागतात: सिक्वेन्स पुढे कुणाला वाटायचे नाहीत, ज्यांनी काढले त्यांचं श्रेय द्यायचं. जिसएड 2008 साली फ्लूसाठी सुरू झालं. देशांना भीती असते की आपण माहिती टाकू आणि पेपर दुसराच छापेल, म्हणून या अटी. भारतातले बरेचसे सिक्वेन्स तिथेच आहेत, त्यामुळे माझी फाइल कुणाला देता येणार नाही. सरांना फक्त झाड दाखवायचं.

तुलनेसाठी वुहानचा मूळ जीनोम, 29,903 अक्षरांचा. जानेवारी 2020मध्ये तो जगापुढे ठेवला गेला तेव्हापासून सगळी मोजणी त्याच पट्टीनं चालते. 617.2मध्ये बदल झाला म्हणायचं ते वुहानच्या तुलनेत.

एक हिशोब इथेच टाकून ठेवते, नंतर विसरायला होतं. हा विषाणू साधारण महिन्याला दोन अक्षरं बदलतो. एकाकडून दुसऱ्याला लागण व्हायला पाच-सहा दिवस. म्हणजे लागण देणारा आणि घेणारा यांचे सिक्वेन्स बहुतेक वेळा जसेच्या तसे निघतात. "सिक्वेन्सिंग करून कुणी कुणाला दिला ते कळतं" असं तेव्हा टीव्हीवर सर्रास म्हणत. कळत नाही. कुणी कुणाला दिला नाही, एवढं मात्र बऱ्याचदा खात्रीनं कळतं.

16 जून, रविवार

दिवसभर अक्षरांना हातही लावला नाही. मेटाडेटा, म्हणजे सिक्वेन्ससोबत लिहून येणारी तारीख-ठिकाणाची माहिती, झाडत बसले.

भारताच्या ओळींमध्ये काही तारखा पूर्ण, काही नुसत्या "2021-03", काही नुसतं "2021". ठिकाणाच्या रकान्यात "आशिया / भारत / महाराष्ट्र" आणि पुढे बहुतेक वेळा काहीच नाही. कुठे पुणे, कुठे मुंबई. विदर्भातला जिल्हा लिहिलेला दिसला की मी खुर्चीत सरळ होऊन बसते.

हे असं का होतं ते मला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नाही.

फेब्रुवारी 2021. अमरावती, अकोला, यवतमाळकडे रुग्ण एकदम वाढले. 22 फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावतीत लॉकडाऊन लागलं. डिसेंबर 2020मध्ये केंद्रानं विषाणूचे जीनोम वाचणाऱ्या दहा प्रयोगशाळांचं इन्साकॉग उभं केलं होतं, पुण्याच्या एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र) त्यातल्याच. आमच्यासारख्या लॅबनी पॉझिटिव्हमधले निवडक नमुने पाठवायचे. सीटी (चाचणीतला आकडा, जितका कमी तितका विषाणू जास्त) साधारण 25च्या आतले, कारण विषाणू भरपूर नसेल तर जीनोमचे तुकडेच हाती लागतात.

नळीचं झाकण पिळायचं, त्यावर पॅराफिल्मची पट्टी ताणून दोन वेढे द्यायचे. पट्टी नळीपेक्षा ग्लोव्ह्जला आधी चिकटते. मग नळी टिश्यूत, टिश्यू झिपच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा थर्माकोलच्या पेटीत. फ्रीजरमधून काढलेल्या नळीवर दव धरतं आणि साध्या पेनानं लिहिलेला नंबर फिसकटतो. त्यासाठी परमनंट मार्कर हवा, आणि तो नेहमी कुणाच्या तरी खिशात घरी गेलेला.

पेटीसोबत एक्सेलची यादी. एसआरएफ नंबर (नमुन्याच्या फॉर्मचा), वय, लिंग, नमुना घेतल्याची तारीख, सीटी, जिल्हा. नमुना घेतल्याची तारीख फॉर्मवर असायची, फॉर्म तालुक्यांच्या गठ्ठ्यांत, गठ्ठे सुतळीनं बांधलेले. रात्री अकरा वाजता गठ्ठे सोडायचं त्राण नसायचं. नमुना लॅबमध्ये आला ती तारीख रजिस्टरवर समोरच असायची, ती टाकायचे. जिल्ह्याच्या रकान्यात पहिल्या ओळीत आमच्या जिल्ह्याचं नाव लिहायचं आणि कोपरा धरून खाली ओढायचा. चाळीस ओळी एका झटक्यात.

आमच्याकडे शेजारच्या दोन जिल्ह्यांचेही नमुने येत.

19 जून

पँगोलिन चालवून सगळ्या सिक्वेन्सना घराण्याची नावं लावून घेतली. ज्याला आपण खवल्या मांजर म्हणतो त्याचं नाव या सॉफ्टवेअरला का, तर नामकरणाच्या पद्धतीचं नाव पँगो म्हणून. या पद्धतीत नाव म्हणजेच वंशावळ: बी, त्याची एक शाखा बी.1, त्याची सहाशे सतरावी शाखा बी.1.617, तिची तीन पोरं .1, .2, .3. टिंबं तीनच्या पुढे गेली की नवं अक्षर घ्यायचं, म्हणून डेल्टाची नातवंडं एवाय.1, एवाय.2 अशी. जून 2021मध्ये जो 'डेल्टा प्लस' रत्नागिरी आणि जळगावात सापडल्याच्या बातम्या होत्या, तोही त्यांतलाच. रत्नागिरीकडे खवल्या मांजरंही आहेत. योगायोग.

23 जून, रविवार

पहिलं झाड उभं राहिलं आणि तद्दन खोटं निघालं.

ट्रीटाइम या प्रोग्रॅमला विचारलं, प्रत्येक फांदीचा पूर्वज कोणत्या देशात असावा? त्यानं झाडाच्या मधल्या बहुतेक फांद्यांवर "युनायटेड किंग्डम" लिहून दिलं. काही ठिकाणी तर भारतातले मार्चचे नमुने ब्रिटनच्या फांदीतून फुटलेले. डेल्टा लंडनहून भारतात आला, असं माझा लॅपटॉप म्हणतोय.

कारण साधं. ब्रिटननं मार्च 2020पासूनच देशभरच्या प्रयोगशाळा एकत्र बांधून सिक्वेन्सिंगचा कारखाना उभा केला होता. माझ्या कच्च्या फाइलमध्ये त्यांचे सिक्वेन्स डोंगराएवढे आणि आपले मूठभर. ज्याच्या घरी कॅमेरा, त्याच्याच लग्नाचे फोटो. अल्बम बघून गावात दुसऱ्या कुणाचं लग्नच झालं नाही असं म्हणायचं का? ही पद्धत पूर्वजाचा देश ठरवताना फांद्यांच्या टोकांची, म्हणजे नमुन्यांची, संख्या जमेस धरते. जिथून नमुनाच आला नाही, ते ठिकाण तिच्या लेखी जगाच्या नकाशावर नसतं.

उपाय जुनाच: दर देशाचे दर आठवड्याला ठराविक सिक्वेन्स, त्याहून जास्त नाहीत. उरतील ते चिठ्ठ्या टाकून गाळायचे. असं केल्यावर मुळाशी भारत आला. पण मी मर्यादा बदलली की काही फांद्या देश बदलतात. सरांना हे दाखवायलाच हवं. सुंदर रंगीत झाड एकदा पडद्यावर आलं की ते किती चिठ्ठ्यांवर उभं आहे ते कुणी विचारत नाही.

30 जून

पालख्या आल्या. रस्ते बंद, क्लास बंद. लॅपटॉपला झाड लावून दिलं आणि मैत्रिणीबरोबर दर्शनाला गेले. परत आले तर मेमरी संपून थांबलेलं.

4 जुलै

आठवडा एका अक्षरात गेला. 21,987 क्रमांकाचं अक्षर.

काय दिसत होतं ते आधी. डेल्टाच्या फांदीत अगदी सख्खे दिसणारे दोन सिक्वेन्स घ्यावेत, तर एकात स्पाइकच्या (विषाणूच्या काट्याच्या प्रथिनाच्या) 142व्या जागी बदल आहे (जी142डी), दुसऱ्यात नाही. मग तिसऱ्यात आहे, चौथ्यात नाही. झाडाच्या हिशोबानं हे म्युटेशन शेकडो वेळा आलं आणि शेकडो वेळा पुसलं गेलं. निसर्ग असा दिव्याचं बटण चालू-बंद करत बसत नाही. कुठेतरी माणसाचा हात आहे.

हात सापडला तो प्रायमरमध्ये. तेव्हा जगभर वापरल्या जाणाऱ्या आर्टिक पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीत जीनोमचे साधारण चारशे अक्षरांचे 98 तुकडे करून प्रत्येकाच्या प्रती काढतात. तुकडे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढलेले. प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना एकेक प्रायमर, म्हणजे वुहानच्या अक्षरांबरहुकूम बनवलेला छोटा धागा. तो जागेवर चिकटला तरच तुकडा तयार होतो.

डेल्टानं स्पाइकमधली सहा अक्षरं गाळलेली आहेत, 22,029 ते 22,034. 72व्या तुकड्याचा उजवा प्रायमर नेमका तिथेच बसतो. बसायला जागाच नाही, मग तो तुकडा बनत नाही. आता 21,987 हे अक्षर 72व्या तुकड्यात होतं आणि 73व्या तुकड्याच्या सुरुवातीलाही आहे. पण 73मध्ये ते पडतं डाव्या प्रायमरच्याच खाली. तिथे जे वाचलं जातं ते विषाणूचं अक्षर नाही. आपणच टाकलेल्या धाग्याचं, म्हणजे वुहानचं अक्षर आहे. ज्या लॅबनं सॉफ्टवेअरमध्ये प्रायमर नीट छाटले, त्यांच्या सिक्वेन्समध्ये इथे "एन" आलं, म्हणजे माहीत नाही. ज्यांनी छाटले नाहीत त्यांनी जुनं "जी" छापलं. आणि ज्यांनी दुसरेच प्रायमर वापरले, त्यांना खरा बदल दिसला.

म्हणजे माझ्या झाडातल्या त्या फांद्या लॅबच्या सवयीनुसार फुटल्या होत्या. छाटणारे एकीकडे, न छाटणारे दुसरीकडे. जून 2021मध्ये आर्टिकनं चौथी आवृत्ती काढली आणि हे बंद झालं, पण जुने सिक्वेन्स साठ्यात तसेच पडून आहेत. ती एक जागा झाकून टाकली (झाड बांधताना तिच्याकडे बघायचंच नाही) आणि पुन्हा चालवलं. डेल्टाची फांदी विंचरल्यासारखी सरळ झाली.

सरांना फोन केला, रात्री साडेदहाला. ते म्हणाले, "अगं, हे आधीच छापलेलं आहे." माहितीये सर. पण मी ते स्वतः पाहिलं.

7 जुलै, रविवार

नातं शोधताना स्पाइकमधल्या प्रसिद्ध म्युटेशनवर विसंबून राहायचं नाही, हा धडा. एल452आर कॅलिफोर्नियातल्या एका वेगळ्याच घराण्यातही स्वतंत्रपणे आलं होतं. 681व्या जागेवर अल्फानंही (ब्रिटनच्या व्हेरिएंटनंही) बदल केला होता, अक्षर वेगळं. जे बदल विषाणूच्या फायद्याचे असतात ते ठिकठिकाणी आपापले उगवतात. दोन अनोळखी माणसांनी एकाच फॅशनची मिशी ठेवावी तसं. एनआयव्हीच्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेवरच्या त्यांच्या पेपरात हाच मुद्दा मांडला होता. रक्ताचं नातं कळतं ते कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या बदलांवरून. प्रथिन बदलत नाही, फायदा नाही, तोटा नाही, नुसता आजोबांच्या कपाळावरचा व्रण पुढे चालत आलेला.

11 जुलै

घड्याळाची चाचणी, म्हणजे बदल ठरावीक वेगानं साठत जातात का ते पाहणं. आडव्या अक्षावर नमुन्याची तारीख, उभ्यावर मुळापासून झालेले बदल. ठिपके एका चढत्या रेषेभोवती पडायला हवेत. पडले, साधारण वर्षाला पंचवीसच्या आसपास.

जे रेषेपासून फार लांब पडले ते एकेक उघडून पाहिले. काहींमध्ये वर्षच चुकलेलं दिसतंय. जानेवारीत आपण सगळेच आठवडाभर जुनं साल लिहितो, तसं 2021च्या जागी 2020. त्यामुळे सिक्वेन्स वर्षभर आधीच जन्मल्यासारखा दिसतो आणि अंगावर बदल मात्र मोठ्या माणसाएवढे. काहींमध्ये दिवस आणि महिन्याची अदलाबदल असावी. 4 मार्च की 3 एप्रिल? आपल्याकडे दिवस आधी, अमेरिकेत महिना आधी, आणि मधे बसलेलं एक्सेल स्वतःच्या मनानं ठरवतं. बाराच्या पुढची तारीख असेल तर चूक पकडता येते, बारापर्यंतची असेल तर ती गुपचूप आत शिरते.

संशयित सगळे बाहेर काढले. डेल्टाच्या मुळाची तारीख 2020च्या शेवटच्या तिमाहीत येते, मर्यादा ऐसपैस. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही डेल्टाचा सगळ्यात जुना नमुना भारतातला, ऑक्टोबर 2020चा.

18 जुलै

इंग्लंड. 19 एप्रिल 2021ला ब्रिटननं जाहीर केलं की भारत लाल यादीत (प्रवासावर कडक निर्बंध असलेल्या देशांच्या) जाणार, आणि ते लागू झालं 23 एप्रिलच्या पहाटे चारला. मधले चार दिवस तिकिटांसाठी किती पळापळ झाली ते ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांना आठवत असेल.

माझ्या झाडात ब्रिटनचे नमुने एका फांदीवर लटकलेले नाहीत. भारतीय नमुन्यांच्या मधेमधे, ठिकठिकाणी, मूठ मूठ. प्रत्येक मूठ म्हणजे निदान एकदा कुणीतरी उतरलं. त्या 'नेचर'च्या अभ्यासात इंग्लंडमध्ये डेल्टा हजाराहून जास्त वेळा स्वतंत्रपणे शिरला असं निघालं. हॉटेलातल्या विलगीकरणानं नव्या आलेल्यांकडून पुढची लागण कमी झाली, पण ज्या साखळ्यांनी पुढे देश व्यापला त्या निर्बंधांच्या आधीच पेरल्या गेल्या होत्या. दार लावलं ते बरोबरच, पण पाहुणे जेवायला बसले होते.

माझ्या छोट्या झाडावर आकडा काढायचा मोह झाला, काढला आणि खोडला. चिठ्ठ्या टाकून सिक्वेन्स गाळल्यावर आगमनांची संख्या मोजणं म्हणजे अर्धं धान्य चाळून टाकून पोतं वजन करणं.

25 जुलै

मुसळधार पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये शिरलं. आमची गल्ली उंचावर म्हणून वाचली, पण वीज पहाटेपासून नाही. रात्री लावलेलं झाड गेलं. दुपारी शेजारच्या काकूंकडे चहा आणि मेणबत्ती.

1 ऑगस्ट

नानजिंगचं प्रकरण वाचलं, इंग्लंडच्या अगदी उलट टोकाचं. 10 जुलै 2021ला मॉस्कोहून नानजिंगच्या लुकोऊ विमानतळावर एक विमान उतरलं. ते साफ करणाऱ्या कामगारांपैकी काहींना लागण झाली, 20 जुलैला नियमित तपासणीत नऊजण पॉझिटिव्ह निघाले, आणि तिथून ती साखळी इतर प्रांतांत गेली. सिक्वेन्स एकमेकांशी इतके जुळणारे की एकच मूळ. जिथे आधी विषाणू जवळपास नाही, तिथे सिक्वेन्सिंग पोलिसी तपासासारखं चालतं. जिथे घरोघरी आहे, तिथे तेच तंत्र जनगणनेसारखं वापरावं लागतं. आपण 2021च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकारात होतो आणि अपेक्षा पहिल्या प्रकारची करत होतो.

चीनचे सिक्वेन्स माझ्या निवडीत नगण्य, म्हणून हे अहवालात एका परिच्छेदापुरतंच.

10 ऑगस्ट

नावांचा घोळ लिहून काढला, कारण प्रस्तावनेत लागेल.

24 मार्च 2021ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं पत्रक काढलं. 10,787 पॉझिटिव्ह नमुन्यांमध्ये 771 ठिकाणी काळजीचे व्हेरिएंट: 736 ब्रिटनचा, 34 दक्षिण आफ्रिकेचा, 1 ब्राझीलचा. शिवाय महाराष्ट्रात ई484क्यू आणि एल452आर ही दोन म्युटेशन एकत्र असलेले नमुने डिसेंबरच्या तुलनेत वाढलेत, आता एकूण नमुन्यांच्या 15 ते 20 टक्के. दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'डबल म्युटंट'. त्या विषाणूत दोनच काय, डझनाहून जास्त बदल होते, पण शब्द चिकटला.

आणि गंमत म्हणजे ई484क्यू डेल्टात नाहीच. ते 617.1मध्ये आहे, ज्याला नंतर कप्पा म्हणाले. 617.2मध्ये त्याऐवजी टी478के. आम्ही थोरल्यावर नजर ठेवून होतो आणि धाकटा भिंत ओलांडून गेला. थोरल्याचं नाव आज कुणाला आठवतही नाही.

11 मे 2021ला जागतिक आरोग्य संघटनेनं 617ला काळजीच्या यादीत टाकलं. 'भारतीय व्हेरिएंट' म्हणण्यावर सरकारनं लगेच हरकत घेतली. 31 मेला ग्रीक अक्षरं आली. हरकत रास्तच होती, पण मग आपण स्वतः तोवर महिनोनमहिने 'यूके स्ट्रेन' म्हणत होतो ते? मंत्रालयाच्या पत्रकातसुद्धा तेच.

17 ऑगस्ट, शनिवार

मुख्य प्रयोग. स्वच्छ केलेल्या झाडातल्या भारतीय नमुन्यांची माहिती मुद्दाम बिघडवली.

पहिला बिघाड: प्रत्येक तारीख चिठ्ठी टाकून दहा दिवसांपर्यंत मागे किंवा पुढे. मुळाची तारीख जवळपास हललीच नाही. कुणाची पुढे, कुणाची मागे, शेवटी फिटंफाट.

दुसरा: सगळ्या तारखा एकाच दिशेनं, दहा दिवस पुढे. म्हणजे मी करायचे तेच, घेतल्याची सोडून पोचल्याची तारीख. आता मूळ पुढे सरकलं. अंदाजाच्या मर्यादेतच, पण सरकलं. त्याहून वाईट हे की काही फांद्यांवर परदेशातलं पोर भारतातल्या आईच्या आधी जन्मलेलं दिसू लागलं, आणि प्रोग्रॅमनं ते सावरायला फांद्या शून्यावर आणल्या. दोन-चार ठिकाणी दिशाच उलटली. आळीपाळीनं होणारी चूक झाड पचवतं. एकाच बाजूला होणारी पचवत नाही.

तिसरा बिघाड: ठिकाण. यात बिघडवण्यासारखं फारसं काही हातात नव्हतंच, बिघडलेलंच आलं होतं. महाराष्ट्राच्या नमुन्यांना जिल्हा आहे तिथे आहे, नाही तिथे नाही. विदर्भ आधी की पुणे-मुंबई आधी, हे माझ्या झाडाला विचारता येत नाही. तारखेचा अंदाज अक्षरांवरून बांधता येतो: घड्याळ आहे, बदल मोजा, महिनाभर इकडेतिकडे उत्तर मिळतं. गावाचा अंदाज कशावरून बांधणार? 29,903 अक्षरांमध्ये गाव कुठेच लिहिलेलं नसतं.

गेली तीन वर्षं मला टोचत होत्या त्या तारखा. त्या बऱ्याच अंशी माफ होण्यासारख्या निघाल्या. कोपरा धरून खाली ओढलेला रकाना नाही.

19 ऑगस्ट, रक्षाबंधन

जुन्या लॅबमधल्या स्टोअरच्या काकांना फोन केला. निमित्त सणाचं. रजिस्टरं आहेत का विचारलं.

"हायेत ना. कपाटावर ठेवेल हायेत, धूळ बसली नुसती. तुले कायले पाह्यजेत आता?"

गावांचा रकाना होता का, काका?

"गाव लिवत होतो आपण. तूच तं लिवत होती पेन्सिलनं, बाजूले. अॅम्बुलन्सवाल्याले सांगाले लागे म्हनून."

हे मी साफ विसरले होते. पॉझिटिव्ह आला की फोन लागला नाही तर गाडी पाठवायला गाव लागायचं, म्हणून समासात पेन्सिलनं.

मला नावं नकोत, फक्त नंबर, तारीख आणि समास, नावं झाकून एखाद्याच पानाचा फोटो चालेल का, असं विचारलं. ते म्हणाले मोठ्या मॅडमना विचारून सांगतो. हेच बरोबर आहे.

24 ऑगस्ट

मॅडमनी नाही म्हटलं. त्यांची चूक नाही. रुग्णांची नोंद आहे, आणि मी आता तिथली कुणी नाही. सरही म्हणाले, "फोटो आला असता तरी काय केलं असतंस?" तेही खरं. रजिस्टरवर एसआरएफ नंबर, जिसएडवर जिसएडचा नंबर. दोन्हींची गाठ घालणारी यादी सिक्वेन्सिंग करणाऱ्या लॅबकडे. त्या यादीत जिल्हा तोच, मी ओढलेला.

1 सप्टेंबर, रविवार

सरांसमोर कच्चं सादरीकरण. त्यांनी ओमिक्रॉनची तुलना घालायला लावली, आणि ती घालण्यासारखीच आहे. बोत्सवानातले नमुने 11 नोव्हेंबर 2021चे, दक्षिण आफ्रिकेतले 14 नोव्हेंबरचे. 24 तारखेला दक्षिण आफ्रिकेनं जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं, 26ला नाव पडलं. नमुना ते नाव, पंधरा दिवस. डेल्टाचं मोजायचं तर ऑक्टोबर 2020चा नमुना आणि 31 मे 2021चं नाव, सात महिने. अर्थात डेल्टाचा तो ऑक्टोबरचा नमुना ऑक्टोबरमध्येच वाचला गेला होता असं धरून चालता येत नाही. नमुना फ्रीजरमध्ये पडून राहतो आणि महिन्यांनी वाचला तरी तारीख जुनीच लागते. ही तळटीप सरांनी काढायला सांगितली होती, मी ठेवली.

बक्षीस काय मिळालं दक्षिण आफ्रिकेला? विमानं बंद. आणि नेदरलँड्समध्ये नंतर जुने नमुने तपासले तर 19 नोव्हेंबरच्या नमुन्यातच ओमिक्रॉन. 4 डिसेंबरला आपल्या डोंबिवलीतला पहिला रुग्ण जाहीर झाला, केप टाउनहून दुबई, दिल्ली असा आलेला. हे सांगताना सर म्हणाले, "जो आधी बघतो त्याच्याच दारात बोट दाखवतात." माझ्या 23 जूनच्या खोट्या झाडानं ब्रिटनचं हेच केलं होतं.

6 सप्टेंबर, हरतालिका

उद्या गणपती. अहवाल आज द्यायचा होता, दिला. शेवटचं झाड सकाळी सहाला पूर्ण झालं.

परिशिष्टात नमुन्यांचा तक्ता आहे: घराणं, आठवडा, देश, राज्य, जिल्हा, गाव. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. सर म्हणाले, "रिकामा रकाना कशाला छापतेस? पान वाया जातं. काढून टाक."

बाकी सगळ्या दुरुस्त्या केल्या. तो रकाना राहू दिला.